सुटे पैसे

फहाहीलला गुरुवारी रात्री, गच्चीवर
पाण्याच्या टाक्या अजून तापलेल्याच असतात.
पाठ टेकली की शौकतभाई परकार "या अल्ला" करून उठतात
आणि परत तिथेच टेकून बसतात.
रिफायनरीच्या ज्वाळेचा उजेड पुरतो.
चहा पुरत नाही.

विषय तोच. नावाड्याचा सिनेमा.
काळापांढरा, आमच्या बहुतेकांच्या जन्माआधीचा,
आणि त्याचा तो शेवट:
नऊ वर्षांनी ती परत येते,
चार उतारूंसारखी होडीत बसते,
उतरताना त्याच्या हातावर एक आणा ठेवते.
तो घेतो.
कनवटीतून दोन पैसे काढून
तिला परत देतो.
मग तिचा चेहरा. मग नुसतं पाणी.

"घेतलेच कसे?"
शौकतभाईंचं हे एकतीस वर्षांचं भांडण.
"बायकोकडनं भाडं घेतो? दगड आहे, दगड."
वसईचा इनास म्हणतो, "फुकट नेली असती
तर उपकार झाले असते.
भाडं घेऊन त्यानं तिला बरोबरीनं उभी केली.
आणि सुटे परत देणं, ही तर रीत."
"रीत तुझ्या बेकरीत!"
हर्णैचे तांडेल यात पडत नाहीत.
"वल्हं बघा," म्हणतात, "वल्हं असं धरतात काय?
ह्या माणसानं जन्मात होडी मारलेली नाही.
त्याचा राग मी खरा कसा धरू?"

मागल्या गुरुवारी ओजसने,
म्हणजे कंट्रोल रूममधल्या आमच्या पोराने,
सालमियातल्या बंद होणाऱ्या दुकानातून कॅसेट आणली.
यंत्र इनासने पलंगाखालून काढलं, फुंकर मारली.
चित्राला मुंग्या लागलेल्या,
खाली अरबी अक्षरांची पांढरी किनार.
वायर हारिसच्या खोलीतून ओढली होती
म्हणून हारिस बदवीही आला,
सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला मागे.

आणा गेला. दोन पैसे आले. तिचा चेहरा आला.
कुणी चहाचा घोटही घेईना.
तेवढ्यात बदवी हळूच म्हणाला,
"मिस्कीन. माफी मांगता."
"कोण?"
"औरत. लिखेला है ना. सामिह्नी. मेरे को माफ करो."

टेप मागे. टेप पुढे.
पाच वेळा पाहिलं, ओठ मिटलेलेच.
खाली मात्र तो एक शब्द, पूर्णविरामासकट.

कैरोत की बैरुतात, कुठल्या तळघरात
कुणी पगारी माणूस बसला असेल,
चाळीस सेकंद बाई गप्प
आणि उतरवायला हाती काहीच नाही.
राहवलं नसेल त्याला.
किंवा त्याच्याच घरी कुणी
जाऊ दे.

मग जो गलका झाला!
शौकतभाई उभेच राहिले: "बघा, कबूल केलंन तिनं!"
इनास ओरडला, "तिनं नाही, त्या कारकुनानं!
तिच्या तोंडी शब्द घालणारा तो कोण?"
बदवीला वाटलं, त्याच्या वाचण्यावर संशय घेतायत.
बियांची पुडी उचलून तो निघाला,
जिन्यातून परत आला,
वायर काढून घेऊन गेला.

मी खाली आलो. घरी फोन लावला.
तिकडे पहाट होत होती, ती ओट्याशी उभी.
"पैसे पोचले," म्हणाली.
"फी गेली, सिलिंडर झाला, मामंजींचा चष्मा झाला.
एकशे साठ उरलेत."
मी म्हटलं, राहू देत तुला.
यावर ती काही बोलली नाही.
नुसती बघत राहिली, फोन हातात धरून,
नेटवर्क अडकलं म्हणावं
तर मागे पंखा फिरत होता.

मी स्क्रीनच्या खालच्या कडेकडे
बराच वेळ पाहत होतो.

वर गच्चीत, फरशी पुसायचा दांडा हातात घेऊन
तांडेल अजून दाखवत होते
वल्हं कसं धरतात.